दोनशे टन गारवा

दिपालीने तिसऱ्या खोलीची कडी धरली आणि हात तसाच थांबवला. पहिल्या दोन खोल्यांच्या कड्या गार लागल्या होत्या. ही मात्र गोदामातल्या हवेइतकीच गरम होती, आणि तिला मोठं पितळी कुलूप होतं. तिने चौथ्या खोलीकडे पाहिलं. तिथेही कुलूप.

मे महिना होता. करमाळ्याकडच्या त्या साखर कारखान्याचा हंगाम कधीच संपला होता. ऊस टाकायच्या गव्हाणीवर चिमण्या बसत होत्या. पण जुन्या पॉवरहाऊसच्या चिमणीतून बारीक धूर निघत होता. तिथला विजेचा संच नवा संच आल्यापासून बंद पडून होता. त्याचा बॉयलर मात्र धडधाकट होता. केळी उत्पादकांच्या संघाने तो कारखान्याकडून चालवायला घेतला आणि त्याची वाफ टर्बाइनकडे न नेता शेजारी बसवलेल्या नव्या यंत्राकडे वळवली. हे यंत्र वाफेच्या जोरावर पाणी गार करायचं, आणि त्या पाण्याने रिकाम्या साखर गोदामात बांधलेल्या चार खोल्या गार व्हायच्या. एका मेगावॅटइतकी उष्णता आत गेली की दोनशे टन गारवा बाहेर यायचा. हा हिशोब दिपालीचा होता. सोलापूरच्या ज्या छोट्या कंपनीने हे काम घेतलं, तिथली ती इंजिनिअर.

"त्येची किल्ली हापिसात अस्ती, म्याडम," मागून आवाज आला. "पन त्या दोन खोल्या उघडायच्या न्हाईत म्हनं."

रिकाम्या क्रेटवर एक बाई बसली होती. पन्नाशी उलटलेली, पायात रबरी चपला, मांडीवर डब्याची पिशवी. सकाळी दिपाली आली तेव्हाही ती तिथेच बसलेली होती.

"का उघडायच्या नाहीत?"

"मशिन दोनशे टनाचं हाय की. दोन खोल्यांत दोनशे टन केळी बसली. त्याच्या वर एक घड ठिवला तरी मशिन बसंल, असं सभेत सांगितलं."

दिपालीने वळून भिंतीकडे पाहिलं. गोदामाच्या पांढऱ्या भिंतीवर पेंटरने निळ्या अक्षरात रंगवलं होतं: क्षमता २०० टन. ती अक्षरं तिने आल्या आल्या पाहिली होती, आणि नीटनेटकी वाटली म्हणून तिला बरंही वाटलं होतं.

"तुमचं नाव काय, मावशी?"

"सोनाबाई. धरनाच्या बॅकवॉटरच्या कडंला वाडी हाय आमची. मालक गेल्यापास्नं बाग मीच बगती. एकच ट्रक निगतोय माजा. सभेत नावं वाचली तर मोठ्या बागांची समदी, आन् आमच्या वाडीचं एक बी न्हाय. म्हनून आली चेअरमनसायबाला भेटायला."

"मावशी, तो टन वेगळा आहे."

"टन बी येगळा असतोय व्हय?" सोनाबाईने विचारलं. ती चेष्टा करत नव्हती.

कॉलेजात हा प्रश्न दिपालीने एका ओळीत सोडवला असता. इथे, भट्टीसारख्या तापलेल्या पत्र्याखाली, ती ओळ तोंडात येईना.

"असतो," ती म्हणाली. "चारही खोल्या भरता येतील. मी बोलते साहेबांशी. तुम्हाला जागा मिळेल."

"कवा?"

"लवकरच."

सोनाबाईने मान हलवली, पिशवी उचलली आणि वाडीकडे जाणारी जीप गाठायला ती फाट्याच्या दिशेने निघाली. चेअरमनची वाट पाहायला ती थांबली नाही.

संघाचे चेअरमन उदयसिंह साठीचे होते, बोलायला सौम्य आणि आयुष्यभर सभा चालवलेले. त्यांनी दिपालीसाठी लिंबूसरबत मागवलं आणि तिचं सगळं म्हणणं न तोडता ऐकलं. मग टेबलावरचा तिच्याच कंपनीचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"हे तुमचंच ना? दोनशे टन."

"हो. पण तो फळाच्या वजनाचा टन नाही, साहेब. गारव्याचं माप आहे ते."

"मग तेव्हा सांगायचं होतं."

चार खोल्यांचा नकाशा दिपालीने दिला होता, आणि त्या भरायच्या म्हणूनच बांधल्या जात आहेत असं ती धरून चालली होती. नकाशा मंजूर झाला तेव्हा बैठकीत तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि तिनेही कुणाला विचारलं नव्हतं.

"दोन खोल्या पुढच्या वाढीसाठी ठेवल्यात असं आम्ही धरलं," उदयसिंह म्हणाले. "आता सभेत जाहीर झालंय. कुणाचा माल घ्यायचा, कुणाचा नाही, यावरून आधीच भांडणं झालीत. आज मी म्हणालो की माझं चुकलं, सगळ्यांचा माल घेतो. आणि उद्या आतली केळी पिकली तर? एक खोली पिकली की शेजारची पिकायला वेळ लागत नाही. लोक मला गावात फिरू द्यायचे नाहीत."

"पिकणार नाहीत."

"हे तुम्ही सोलापुरात बसून म्हणणार."

"तुम्ही सभा बोलवा. मी सगळ्यांसमोर सांगते."

"बघू," ते म्हणाले. "सरबत घ्या."

सोलापुरात परतल्यावर तिने कंपनीचे मालक गुरुशांत यांच्या कानावर ही गोष्ट घातली. एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये गुरुशांत एका जुन्या पंपाचं झाकण खोलत होते. माणूस कष्टातून वर आलेला. उगाच कुणाच्या वाटेला जायचा नाही.

"आपण टन लिहिलं, बरोबर लिहिलं," ते म्हणाले. "त्यांनी काय वाचलं तो त्यांचा प्रश्न. यंत्र चालतंय, त्यांनी ताब्यात घेतलंय. आता तू तिथं जाऊन चारही खोल्या भरा म्हणालीस, आणि काही बिघडलं, तर पहिला फोन मला येणार."

"नाही येणार, सर. मी तिथेच असेन."

गुरुशांतनी पान्हा खाली ठेवला. "गाडी मिळायची नाही त्यासाठी."

"एसटी आहे."

झाकण पुन्हा हातात घेत ते म्हणाले, "हिशोब परत कर. सगळ्यात वाईट दिवस धरून कर."

तिने केला. रविवारी घरी बसून केला. पारा चव्वेचाळीसच्या वर, बॉयलरमध्ये जाळायचा उसाचा भुसा ओलसर म्हणून वाफ कमी, माल थेट उन्हातून आलेला, चारही खोल्या गच्च. आधी मेगावॅटचे किलोवॅट, मग त्यातून यंत्र किती खाणार ते वजा, मग उरलेल्याचे टन. दर वेळी उत्तर तेच: पुरून उरतं.

तिची आई, बनाबाई, शेजारी बसून लसूण सोलत होती. मंगळवेढ्याकडची मेंढरं मोठ्या भावाकडे सोपवून ती वर्षभरापूर्वी लेकीकडे राहायला आली होती.

"कवाधरनं टन टन करतीयास," बनाबाई म्हणाली. "एक टन म्हंजी किती मेंढरं गं?"

दिपाली हसली. "वजनाचा टन न्हवं गं आई ह्यो. बर्फाचा."

"आता बर्फ कुटनं आला?"

"आदी मशिनं न्हवती तवा बर्फ ठिवूनच गार करायची. मग मशिन आलं, तर लोकांनी इचारलं, ह्ये किती बर्फाचं काम करतंय? एक टन बर्फ एका दिवसात इतळताना जेवढी उष्णता वडून घेतोय, तेवढी ह्या मशिननं वडली की ते एक टनाचं मशिन."

बनाबाईने लसणाची पाकळी हातात तशीच धरली. "म्हंजी तुजं मशिन रोज दोनशे टन बर्फावानी?"

"व्हय."

"आगं मग आसंच सांग की त्यास्नी. मला कळलं, त्यास्नी न्हाय व्हय कळायचं?"

'बघू' म्हणता म्हणता उदयसिंहांनी सभा दोनदा पुढे ढकलली. दिपालीने रोज सकाळी फोन केला. ते बैठकीत आहेत असं सांगितलं की ती बरं म्हणायची आणि दुपारी पुन्हा करायची. शेवटी ती न विचारताच एसटीने गेली आणि ते येईपर्यंत कार्यालयाच्या बाकावर बसून राहिली. त्यांनी दारातूनच तिला पाहिलं.

"तुम्ही ऐकायच्या नाहीत," ते म्हणाले, आणि सभेची तारीख दिली.

सभा गोदामाच्या ओट्यावर भरली. मोठे बागायतदार खुर्च्यांवर होते, वाड्यावस्त्यांवरची माणसं पायऱ्यांवर. बायका एका बाजूला. दिपालीने सोनाबाईला शोधलं. ती मागे खांबाला टेकून उभी होती. दिपालीने फळा मागवला नाही, कागदही काढला नाही. आईला सांगितलं तेच तिने सांगितलं, फक्त पुस्तकी भाषेत बोलायचा मोह होत होता तो आवरला.

"म्हणजे हे यंत्र रोज दोनशे टन बर्फ वितळल्याइतकं काम करतं," ती शेवटी म्हणाली. "आज एवढा बर्फ आणायचा म्हटलं तर रोज ट्रकांची रांग लागेल इथून रस्त्यापर्यंत. एवढ्या गारव्यात दोनच खोल्या केळी ठेवायची, आणि दोन खोल्या कुलपात?"

पायऱ्यांवर कुजबुज झाली. खुर्चीवरचे एक बागायतदार उठले. "आमचा माल आत आहे. निर्यातीचा माल आहे. तुमच्या प्रयोगात तो खराब झाला तर?"

"प्रयोग नाही. यंत्र चार खोल्यांसाठीच घेतलंय."

"ते तुम्ही म्हणता."

दिपालीने उदयसिंहांकडे पाहिलं. ते मान खाली घालून खुर्चीच्या हातावरचा रंग नखाने खरवडत होते. आता ते 'बघू' म्हणतील, आणि हा हंगाम निघून जाईल, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"दर तासाला आतलं तापमान मी या ओट्यावर मोठ्याने वाचीन," ती म्हणाली. "पहिल्या दोन खोल्यांत एका अंशाचाही फरक पडला, तर बाकीचा माल तिथल्या तिथे बाहेर काढू. आणि चारही खोल्या हव्या तेवढ्या गार होईपर्यंत मी इथून हलणार नाही."

उदयसिंह उठले.

"माझा माल दुसऱ्या खोलीत आहे," ते म्हणाले. "तिसरी भराल तेव्हा तो तिथे हलवा. सगळ्यांच्या आधी. बिघडला तर माझा बिघडू दे." मग कुणाकडेही न बघता ते म्हणाले, "टन मला कळला नव्हता. विचारायला पाहिजे होतं, ते मी विचारलं नाही."

गुरुवारी कुलपातल्या दोन्ही खोल्या भरायच्या ठरल्या. आदल्या दिवशी संगप्पा बॉयलरवाल्याने भुसा उन्हात पसरून कोरडा केला. दोन्ही खोल्या रिकाम्याच गार करून ठेवल्या. सकाळी आधी उदयसिंहांचा माल तिसरीत हलवला, मग वाड्यांवरून टेम्पो यायला लागले. धुतलेल्या, पुसलेल्या फण्यांचे क्रेट एकावर एक चढू लागले. ऊन असं होतं की टेम्पोच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता, आणि हिरव्या केळ्यांच्या पोटातही तीच ऊब होती. पहिल्या खेपा आत गेल्या आणि तिसऱ्या खोलीचा आकडा चढायला लागला. अठरा. वीस. बावीस.

दिपालीने तो ओट्यावर मोठ्याने वाचला. कबूल केलं होतं.

"चढतंय की," कुणीतरी म्हणालं.

"चढणारच. गरम माल आत गेलाय. दार लागलं की उतरेल."

पण दार लागत नव्हतं. जो तो आत डोकावत होता. बाहेर अंगाची लाही होत असताना त्या दारातून येणारा गार झोत अंगावर घ्यावा, हा मोह कुणालाच आवरत नव्हता. माणसं दार उघडायची, डोळे मिटून उभी राहायची, आणि बाजूला होताना दुसऱ्याला जागा द्यायची. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढून डोकं आत घातलं. आकडा बावीसवर अडकून बसला.

दुपारी खुर्चीवरच्या त्या बागायतदारांनी फोन लावायला सुरुवात केली. आपला माल काढून न्यायला ट्रक मिळतो का, ते विचारत होते.

दिपालीने एक रिकामा क्रेट ओढला, तिसऱ्या खोलीच्या दाराला पाठ लावून ठेवला आणि त्यावर बसली. चौथ्या खोलीपुढे तिने संगप्पाच्या जोडीदाराला बसवलं. टेम्पो आला की माल दारापाशी गोळा करून ठेवायचा, सगळा जमला की एकदाच दार उघडायचं, झपाझप आत घ्यायचं आणि बंद करायचं, असं तिने ठरवून दिलं.

"म्याडम, एकदा बगू द्या की," म्हातारा म्हणाला.

"उद्या बघा, बाबा. उद्या मी स्वतः दाखवते."

थोड्या वेळाने उदयसिंह आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "माझा माल आहे आत," ते हळू आवाजात म्हणाले. "एकदा बघतो फक्त."

"नाही, साहेब."

"मी चेअरमन आहे."

"म्हणूनच. तुम्ही उघडलंत की सगळे उघडतील."

भोवतालची माणसं जवळ सरकली. मग उदयसिंहांनीही एक क्रेट ओढला, तिच्या शेजारी ठेवला आणि दाराला पाठ लावून बसले. त्यानंतर कुणी दाराकडे आलं नाही.

पुढच्या तासाला तिने वाचलं: एकवीस. त्याच्या पुढच्या तासाला: एकोणीस. पहिल्या दोन खोल्या जागच्या हलल्या नव्हत्या. साडेतेरा, जिथे हव्या तिथे. बागायतदारांनी फोन खिशात टाकला. पायऱ्यांवर चहा आला. आता दर तासाला आकडा वाचायच्या आधीच माणसं गप्प होऊ लागली, आणि वाचला की कुणीतरी तो रस्त्यावरच्या टेम्पोवाल्यांना ओरडून सांगू लागलं.

ऊन कलल्यावर शेवटची खेप आत घ्यायची होती. चौथ्या खोलीचं दार उघडलं. क्रेट दोन-दोन जणांनी धरून आत जात होते. दिपाली आत जाऊन रचाई बघू लागली. हवा फिरायला मध्ये जागा सोडली आहे ना, हे तिला पाहायचं होतं. प्रत्येक थप्पीवर मालकाच्या आणि वाडीच्या नावाची चिठ्ठी होती. त्या बॅकवॉटरच्या वाडीची नावं तिने ओळखली. एकेक चिठ्ठी वाचत ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि पुन्हा मागे आली.

सोनाबाई दारातून आत येत होती. डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला, ब्लाउज घामाने भिजलेला. दिवसभर ती क्रेट उतरवत होती. दिपालीने तिला दोन-तीनदा येता-जाता पाहिलं होतं.

"मावशी, तुमचा माल कुठे रचलाय? तुमची चिठ्ठी दिसली नाही."

"माजा न्हाय त्यात," सोनाबाई म्हणाली. "माजा गेला की. दिला येपाऱ्याला."

"कधी?"

"तुमी भेटला त्येच्या दुसऱ्याच हप्त्यात. घड भरलं व्हतं. झाडावर पिकाय लागलं आसतं, तर त्येनं बी नेलं नसतं. म्हनंल त्या भावात दिलं."

बाहेर कुणीतरी दार लावायला हाक मारत होतं. दिपाली थप्पीला धरून उभी राहिली. पहिल्या भेटीनंतरचे दिवस तिच्या डोळ्यांपुढून सरकले: 'बघू', पुढे ढकललेल्या सभा, रोज सकाळचे ते फोन. त्या सगळ्या दिवसांत ती आकडे तपासत होती. सोनाबाईचे घड किती दिवस थांबतील, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"मग सभेला का आलात?" तिने विचारलं. "आणि आज?"

सोनाबाईला त्या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं.

"आमच्या वाडीचा माल हाय की," ती म्हणाली. "दोन खोल्या जादा भरायच्या तर मानसं नगत का?"

गार हवेने तिच्या दंडावर काटा आला होता. तिने पदराने मान पुसली, मग बाहेरच्या शेवटच्या क्रेटकडे बघून हात केला.

"तेवढं एक ऱ्हायलंय. धरा तिकडनं."

दिपालीने दुसऱ्या बाजूने क्रेट धरला. दोघींनी तो एकदम उचलला.